अक्षरी बाराशे ऐंशी फूट फक्त

खंडेनवमीच्या सकाळी शुभदाताईंनी हॉलमधल्या पाटावर घरातली सगळी हत्यारं मांडली, तेव्हा त्यांच्या लेकीने, आर्याने, एकच अट घातली. टॅबलेटच्या काचेवर कुंकू लावायचं नाही.

"परवा एक्झाम आहे माझी, आई. स्क्रीन खराब झाली ना, तो गई मैं."

"काचेवर नाही लावत बाई," शुभदाताई म्हणाल्या. "कडेला लावते. पण तुझं शस्त्र आहे ते, कोरडंच कसं ठेवायचं?"

आता चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात शस्त्रं ती किती असणार? विळी, शिवणाची कात्री, स्कूटरची किल्ली, विश्वासरावांची शाईची पेनं आणि हा टॅबलेट. पण टॅबलेटला शस्त्र म्हणण्यात शुभदाताईंचं काही चुकत नव्हतं. आर्या शहराबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकत होती, आणि बाहेर न बघता नुसत्या समोरच्या यंत्रांच्या काट्यांच्या भरवशावर विमान उतरवण्याची तिची परीक्षा शुक्रवारी होती. ढगात किंवा धुक्यात बाहेरचं काही दिसत नाही. मग कुठल्या दिशेने यायचं, किती अंतरावर किती उंची ठेवायची, हे सांगणारा एक नकाशा असतो. त्या नकाशात सगळ्यात मोलाचा असतो एक आकडा, 'मिनिमम्स'. त्या उंचीपर्यंत आंधळेपणाने खाली यायची मुभा असते. तिथे पोचल्यावर धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर मुकाट पुन्हा वर जायचं. पूर्वी हे नकाशे जाडजूड फायलींत असत, आता ते टॅबलेटात असतात आणि टॅबलेट पट्ट्याने मांडीला बांधलेला असतो.

जूनमध्ये आर्या या परीक्षेत एकदा आपटली होती. आता एका छोट्या विमान कंपनीने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंत हे सर्टिफिकेट हातात आलं तरच. क्लबचे एकुलते एक परीक्षक कॅप्टन ग्रेवाल शनिवारी मुलाकडे कॅनडाला निघणार होते, ते थेट जानेवारीत परतणार. म्हणजे शुक्रवार गेला की नोकरी गेली. घरात हे तिघांनाही पाठ होतं, त्यामुळे कुणी त्याविषयी बोलत नव्हतं.

विश्वासराव तर तसेही कमीच बोलत. मूळचे सांगलीचे, केंद्र सरकारच्या नकाशा कार्यालयात तीस वर्षं ड्राफ्ट्समन. डेहराडून, हैदराबाद करत करत चंदीगडला आले, आणि आर्या इथेच लहानाची मोठी झाली. त्यांच्या हातची रेघ अशी की साहेब लोक दुसऱ्या खात्यातून बघायला येत. चार वर्षांपूर्वी ऑफिसातलं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, त्यांचं तिरकं टेबल भंगारात निघालं आणि त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं.  त्यांनी पेनं घरी आणली, आणि दर रविवारी ती धुऊन पुसून परत डबीत ठेवू लागले.

लेकीने टॅबलेट पहिल्यांदा दाखवला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "विझला तर?"

"नाही विझत यार, बाबा. और फोन में बॅकअप है ना."

विश्वासरावांनी मान हलवली. मग पंधरा दिवसांपूर्वी तिच्याकडून परीक्षेच्या विमानतळाचे दोन नकाशे मागून घेतले आणि चार संध्याकाळी खपून जाड ड्रॉइंग पेपरवर पाठपोट उतरवून काढले, धावपट्टीच्या एका टोकाकडून येण्याचा पुढे आणि दुसऱ्या टोकाचा मागे. सगळं मराठीत, कारण काम ऑफिसचं नव्हतं, लेकीचं होतं. तो मोलाचा आकडा त्यांनी दोन्हीकडे रुपयाएवढ्या वर्तुळात लिहिला, मागच्या बाजूला १२८०. एवढ्यावर थांबतील तर ते सरकारी माणूस कसले. आकड्याचा काही भरवसा नाही, एकाचा सात होतो, शून्य पुसलं जातं, अशी त्यांची तीस वर्षांची श्रद्धा. म्हणून शेजारी बारीक, सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'अक्षरी बाराशे ऐंशी फूट फक्त'. खाली नकाशा कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते, त्याखाली 'तपासले', आणि सही.

आर्या ते वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बाबा, ये चेक है क्या? बँकेत भरू?" मग बापाचा चेहरा पाहून तिने त्यांच्या गळ्यात हात टाकला, फार सुंदर झालंय म्हणाली, आणि हळूच समजावलं की हे नकाशे दर अठ्ठावीस दिवसांनी बदलतात, टॅबलेटात ते दहा सेकंदांत होतं. विश्वासराव "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो कागद पुन्हा त्यांच्याच टेबलावर आला, पेनांच्या डबीखाली.

तर खंडेनवमीला शुभदाताईंनी नवऱ्याचं शस्त्र म्हणून ती डबी उचलली आणि तिच्याखालचा कागदही पाटावर मांडला. कागदावरचं वर्तुळ पाहून त्यांना वाटलं, ह्यांनी कुंकवासाठी जागा आखून ठेवलीय. नवऱ्याच्या नीटनेटकेपणाचं त्यांना कौतुक वाटलं, आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवाचा टिळा त्यांनी वर्तुळाच्या बरोब्बर मधोमध लावला. टॅबलेट भिंतीला टेकवून उलटा उभा होता. काच तर वर्ज्य, म्हणून वर आलेल्या कडेला हळद, कुंकू आणि चार अक्षता वाहिल्या. त्या कडेला मधोमध चार्जिंगचं भोक असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. शेजारी कंजकांची, म्हणजे कुमारिका जेवू घालायची, गडबड चालली होती, तिथून शिऱ्या-पुरीचं ताट आलं आणि सगळे खायला बसले.

पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. आर्याने चरफडत दीड दिवस फोनवर नोट्स वाचून अभ्यास केला. दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा झाली. आपटा इकडे मिळत नाही, पण रस्त्याकडेला कचनार उदंड, आणि त्याचं पान आपट्याच्या भावकीतलं, जरा अंगाने थोराड एवढंच. तेच सोनं म्हणून वाटलं गेलं. शुभदाताईंनी टॅबलेट पुसला, आणि पूजेतला कागद असा वाऱ्यावर कशाला टाकायचा म्हणून घडी करून टॅबलेटच्या कव्हरच्या खिशात सारला. याबद्दलही त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

रात्री आर्याने चार्जर लावला. जरा घट्ट गेला म्हणून तिने दाबून बसवला आणि झोपली. सकाळी बघते तर सेहेचाळीस टक्के. तिने आधी प्लगला दोष दिला, मग वायरला, आणि टॅक्सीत बसल्यावर बाबांना ऑफिसच्या कार्यक्रमात फुकट मिळालेल्या पॉवर बँकेला. दीड तासाचं तर उड्डाण आहे, सेहेचाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी, असं तिने स्वतःला समजावलं. निघताना शुभदाताईंनी हातावर दही-साखर ठेवली होती. विश्वासराव जिन्यापर्यंत आले होते आणि "सावकाश" एवढंच म्हणाले होते.

कॅप्टन ग्रेवाल हवाई दलातून निवृत्त झालेले, पांढऱ्याशुभ्र दाढीचे, मिताहारी आणि मितभाषी गृहस्थ. परीक्षेत ते बोलत नसत, मांडीवरच्या फॉर्मवर पेनाने टिकटिक करत. टिक वाजली की काहीतरी चुकलं, एवढं सगळ्या क्लबला माहीत होतं. विमानात बसल्या बसल्या त्यांनी बॅकअप विचारला. आर्याने फोन दाखवला, त्यांनी मान डोलावली.

पण उडायलाच पाऊण तास लागला. क्लबची धावपट्टी विमानतळाचीच, आणि पुढे मोठ्या विमानांची रांग होती. ऑक्टोबरचं ऊन काचेतून थेट मांडीवर, त्यात काही दिसावं म्हणून टॅबलेटचा प्रकाश पूर्ण वाढवलेला. वर गेल्यावर आर्याच्या डोक्यावर ती खास टोपी चढली. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तशीच ती असते, समोरचे काटे तेवढे दिसतात, बाहेरचं जग बंद. तासभर सगळं छान चाललं. एकही टिक वाजली नाही. आर्याला स्वतःचाच अभिमान वाटू लागला, आणि तिथेच माशी शिंकली.

विमानतळावरून रेडिओ आला की वारा फिरला आहे, दुसऱ्या टोकाकडून या. म्हणजे दुसरा नकाशा. आर्याने तो उघडायला बोट टेकवलं आणि टॅबलेट शांतपणे विझला. तिने बटण दाबलं, धरून ठेवलं, पुन्हा दाबलं. काचेत तिला तिचंच तोंड दिसलं. तिने घाईघाईने फोन काढला. ॲप उघडलं. ॲपने आदबीने विनंती केली की आपण बऱ्याच दिवसांनी आलात, कृपया मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. नेटवर्कचा एक दांडाही नव्हता.

टिक.

दुसऱ्या टोकाचा आकडा तिला पाठ नव्हता. म्हणजे अर्धवट होता, बाराशे काहीतरी. पण 'काहीतरी'वर विमान खाली आणत नाहीत. नकाशा नसेल तर रेडिओवर तसं सांगायचं आणि वर जायचं, हा नियम. तो पाळला की जीव सुखरूप, परीक्षा नापास, नोकरी गेली. आर्याने रेडिओच्या बटणावर बोट नेलंसुद्धा. जाता जाता शेवटचा उपाय, टॅबलेट जरा चापटून पाहावा म्हणून तिने तो पट्ट्यातून सोडवला, आणि कव्हरच्या खिशातून घडी केलेला जाड कागद तिच्या मांडीवर पडला.

तिने तो उलगडला. बाबांची रेघ. विमानतळ, दिशा, अंतरं, उंच्या, सगळं जिथल्या तिथे, रेखीव, टॅबलेटपेक्षा मोठ्या अक्षरात. तारीख पाहिली, नकाशा अजून आठवडाभर चालत होता. उलटं पान केलं, दुसरं टोक तिथे हजर होतं.  तिने विमान दिशेवर आणलं, पहिली उंची साधली, दुसरी साधली, आणि मग नजर त्या मोलाच्या आकड्यावर गेली. तिथे आईचा टिळा होता. दुसरं टोक पानाच्या ज्या बाजूला होतं, नेमक्या त्याच बाजूला.

एका हाताने विमान धरून तिने दुसऱ्या हाताच्या नखाने कुंकू खरवडलं. बोट घामेजलेलं, त्यामुळे कुंकू निघायच्या ऐवजी पसरलं. तिने कपाळावरचा घाम पुसला. पुन्हा खरवडलं. विमान खाली येत होतं, कॅप्टनसाहेबांचं पेन फॉर्मवर टेकलं होतं. आणि तेव्हा तिला शेजारचं बारीक अक्षर दिसलं. अक्षरी बाराशे ऐंशी फूट फक्त.

आता गंमत बघा. पोरगी चंदीगडची. मराठी समजते, बोलते, पण आकडे तिचे हिंदीतले. ऐंशी म्हणजे अस्सी की नव्वे, हा घोळ तिला पहिलीपासून. दहा फुटांचाच फरक, पण परीक्षेत तेवढाच पुरतो. ऐंशी, ऐंशी, असं ती पुटपुटली, आणि तिला आठवला सांगलीचा हॉल, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, ऐंशी दिव्यांचं ताट आणि त्यावर फुंकर घालू नको म्हणून आईने काढलेला चिमटा. ते दिवे तिनेच मोजून लावले होते, आठ ओळी, एका ओळीत दहा. अस्सी. तिने मोठ्याने, स्पष्ट सांगितलं, "Minimums, one two eight zero feet." आणि नजर अजून कागदावरच असल्यामुळे पुढचा शब्दही भाषांतर होऊन तोंडातून निघून गेला. "Only."

"Only?" कॅप्टन ग्रेवाल अख्ख्या उड्डाणात पहिल्यांदा बोलले.

"Only, sir."

काटा बाराशे ऐंशीवर आला. "ऊपर देख," कॅप्टनसाहेब म्हणाले. तिने टोपी वर सारली. समोर धावपट्टी पसरली होती, अगदी सरळ, बाबांच्या रेघेसारखी. तिने विमान टेकवलं, आणि इतकं हलकं टेकवलं की तिचं तिलाच खरं वाटेना.

इंजिन बंद झालं. मग कॅप्टनसाहेबांची नजर तिच्या कपाळावर गेली आणि ते दचकले. "पुत्तर, मत्थे ते की होया? खून?" आर्याने काचेत पाहिलं. कपाळभर कुंकू फासलं गेलं होतं, लढाई जिंकून आल्यासारखं. तिने सगळं सांगून टाकलं, खंडेनवमी, पूजा, बाबा, त्यांची पेनं, भंगारात गेलेलं टेबल. टेबलाशी आल्यावर तिने कागदच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मराठी त्यांना येत नव्हती, पण रेघ कळत होती. मग त्यांनी त्या 'only'चा अर्थ विचारला.

"रक़म के आगे लिखते हैं, सर. फक्त. ताकि कोई बाद में कुछ जोड़ न दे."

कॅप्टन ग्रेवाल यांनी त्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं. "मतलब बस इतना ही. इससे एक फुट नीचे भी नहीं." त्यांनी कागदाची घडी नीट, होती तशी घातली. "बीस साल से बच्चों को यही समझा रहा हूँ. मुझे ये एक लफ़्ज़ नहीं मिला."

बॅटरीबद्दल त्यांनी तिला दहा मिनिटं झाडलं, निघताना बॅकअप उघडून न पाहिल्याबद्दल आणखी पाच मिनिटं. मग फॉर्मवर सही केली. बॅकअपच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'Paper. Father.'

संध्याकाळी सेक्टर बावीसच्या मार्केटातल्या मोबाइल रिपेअरवाल्याने चिमट्याने टॅबलेटमधून तांदळाचे दोन तुकडे काढले, चांगले लालचुटूक. मॅडम, इसमें चावल क्यों डालते हो, असं त्याने मनापासून विचारलं. आर्याने घरी येऊन ते तुकडे आईसमोर धरले आणि आता ही काय बोलते ते बघत उभी राहिली.

शुभदाताईंनी ते निरखले. "अक्षता म्हणजे अखंड तांदूळ. मी अखंडच वाहिली होती. चार्जर खुपसून तू मोडलीस." मग त्यांनी ते तुकडे देवापुढे ठेवले. "आणि मला सांग, टॅबलेट बंद पडला नसता, तर तू बाबांचा कागद उघडला असतास?"

आर्याने टॅबलेट उचलून चार्जिंगला लावला.

विश्वासराव ऑफिसातून आले, तेव्हा स्कूटरला दसऱ्याची सुकलेली माळ तशीच होती. लेक पास झाली हे त्यांना फोनवर कळलं होतं, कशी ते माहीत नव्हतं. आर्याने त्यांना खुर्चीत बसवलं, कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, मराठीत, एकही हिंदी शब्द न वापरता, अडखळत. "बाबा, मी हसले होते तुम्हाला," ती म्हणाली. "तुमच्या अक्षराने उतरवलं मला. थँक्यू."

विश्वासरावांनी कागद उजेडात धरला. पसरलेलं कुंकू पाहिलं, त्याशेजारचं आपलं अक्षर पाहिलं. "तरी म्हणतो, आकड्याचा भरवसा नाही," ते म्हणाले, आणि उठून पेनं धुवायला गेले. वार शुक्रवार होता. नळ बराच वेळ चालू राहिला. शुभदाताईंनी पाणी वाया चाललंय म्हणून हाक मारली नाही, आणि यावरूनच काय ते समजावं.

कॅनडाला जाण्यापूर्वी कॅप्टन ग्रेवाल यांनी निरोप पाठवला होता, एक प्रत माझ्यासाठी, इंग्रजीत. ती दोन संध्याकाळींत झाली. मग नकाशा बदलला, नवी प्रत झाली. आता दर अठ्ठावीस दिवसांनी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पेपर पसरतो, आर्या टॅबलेटवरून आकडे वाचते, विश्वासराव रेघा ओढतात, आणि त्या चार संध्याकाळी घरात कुणाला टेबलावर जेवायला मिळत नाही. आर्या कंपनीत रुजू झाली, तरी त्या तारखांना ती सुट्टी जुळवून घरी येते. आकडे वाचताना ऐंशी आणि नव्वद यात तिची आता गल्लत होत नाही.

जानेवारीत ती एकदा क्लबात गेली होती. बाहेर दाट धुकं होतं, सगळी विमानं जमिनीवर, आणि आतल्या वर्गात परत आलेले कॅप्टन ग्रेवाल नव्या पोरांकडून घोकून घेत होते. फळ्यावर विश्वासरावांचा कागद टाचणीने लावला होता. "Minimums?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं. आणि लुधियाना, अंबाला, भटिंड्याची सहा पोरं एका सुरात म्हणाली, "One two eight zero feet only, sir."

आर्याने ते दाराआडून फोनवर रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन बाबांना ऐकवलं. विश्वासरावांनी डोळे मिटून ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो डोळ्यांवर चढवता चढवता म्हणाले,

"छान म्हणतायत पोरं. फक्त 'अक्षरी' राहिलं."